फळीवरची पुस्तकं

३ ऑक्टोबर

अखेर नोकरी लागली, आणि तीही बसून करायची. आक्काला, माझ्या बहिणीला, फोन केला तर तिला आधी थट्टाच वाटली. पुस्तकं वाचून दाखवायला कोणी माणूस ठेवतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. मागून भाऊजी म्हणाले, मग मलाही रोज पेपर वाचून दाखव म्हणावं, वर चहा देतो. हसू देत. छापखाना बंद पडल्यापासून मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत पथारी टाकत होतो आणि सकाळी कोणी यायच्या आत ती गुंडाळत होतो. आज मला स्वतःची खोली आहे. वरच्या मजल्यावर, टेबल-खुर्चीसकट. खिडकीतून मागचं अंगण दिसतं, तिथे दोरीवर चादरी वाळत असतात.

घर अरुंद आणि उंच आहे. खाली स्वयंपाकघर, त्याला लागून अप्पांची खोली. अप्पा म्हणजे मालकीणबाईंचे वडील. पूर्वी ते लिलाव पुकारायचे, त्यांचा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा म्हणे. आता अर्धांगाच्या दोन झटक्यांनी दोन्ही पाय आणि डावा हात गेला आहे, उजव्या हाताची बोटं तेवढी हलतात. जिभेला काही झालेलं नाही असं डॉक्टर सांगतात, तरी अप्पा बोलत नाहीत. मालकीणबाई सरकारी वजन-माप कार्यालयात आहेत. रोज पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानं तपासत फिरतात. स्वयंपाकाला आणि अप्पांचं सगळं करायला एक मावशी येते. तिला एका कानानं ऐकू येत नाही, आणि कामाचं सांगितलं की दुसऱ्यानंही येत नाही.

मालकीणबाईंनी मला एकच विचारलं, वाचताना शब्द गाळतोस का. मी सांगितलं, छापखान्यात माझं कामच ते होतं. लेखकाची मूळ प्रत मी मोठ्यानं वाचायचो आणि समोर बसलेले मुद्रितशोधक छापलेला कागद ताडून पाहायचे. मी गाळलं की पुस्तकात गळलं. शाळा माझी नववीत सुटली, पण गाळणं मला जमतच नाही. हे ऐकून त्या पहिल्यांदा हसल्या.

४ ऑक्टोबर

पहिला दिवस बरा गेला. एक फजिती झाली. छापखान्यात विरामचिन्हंसुद्धा वाचायची सवय, त्यामुळे मी सुरुवातच अशी केली: राजा खिडकीशी उभा होता स्वल्पविराम आणि नदीवर धुकं होतं पूर्णविराम. अप्पांच्या तोंडाचा उजवा कोपरा हलला. माणूस आतून जागा आहे.

काचेच्या कपाटात सगळी एकाच तऱ्हेची पुस्तकं आहेत. इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याच्या काळातल्या खुनांच्या कादंबऱ्या, सगळी भाषांतरं, जाड आणि कापडी बांधणीची. या राजांचं नाव मी पूर्वी ऐकलं नव्हतं. त्यातल्या एकानं सहा लग्नं केली आणि दोन बायकांची मुंडकी उडवली. राजाच असा म्हटल्यावर खाली प्रजेत काय चालत असेल. आजच्या पुस्तकात मेणबत्त्या करणारी एक विधवा खुनाचा छडा लावते. मठातला साधू किती वेळापूर्वी मेला, ते तिला विझलेल्या मेणबत्तीवरून कळतं. मला फार आवडली ती बाई. तिच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं.

९ ऑक्टोबर

विधवेचं पुस्तक संपलं. खुनी तिचाच दीर निघाला, मला वाटलंच होतं. या घरची एक रीत आज कळली. अप्पांच्या छातीवर, रजईवरून, एक गुळगुळीत लाकडी फळी असते. अंथरुणात बसून लिहायचं जुनं मेज होतं ते, पाय कापून टाकले आहेत. वाचून झालेलं पुस्तक तिच्यावर ठेवायचं. ढीग वाढलेला पाहून अप्पांना बरं वाटतं, असं मालकीणबाई म्हणाल्या. पुस्तक मी ठेवलं. जड होतं, अप्पांनी एक खोल श्वास घेतला. मी विचारलं, त्रास तर होणार नाही ना. मालकीणबाईंनी सांगितलं, छातीवर थोडा भार असला की फुप्फुसाला व्यायाम होतो. वजनातलं त्यांना माझ्यापेक्षा कळतं.

मग त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अप्पा, हो की नाही?"

मला वाटलं, पुस्तक आवडलं का असं विचारताहेत. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

१४ ऑक्टोबर

आणखी दोन पुस्तकं झाली. एकात औषधविक्या विष देतो, दुसऱ्यात एक सुईण सरदाराच्या मुलाचं खरं जन्मस्थान लपवते. जेवताना मी मावशीला सगळ्या गोष्टी सांगतो. ती मध्येच विचारते, मग त्या बाईला पोलीस का पकडत नाहीत. तेव्हा पोलीस नव्हते म्हणून सांगितलं, तर म्हणाली, मग बरं होतं की, माणसं आपापलं बघून घ्यायची.

मालकीणबाई रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारतात. चपला काढतात, हात धुतात, पायथ्याशी उभ्या राहतात. हो की नाही. आवाज चढत नाही. दुकानदाराला तराजू दाखव म्हणावं, तितकाच.

१६ ऑक्टोबर

आज मी धीर करून विचारलं, कशाचं हो की नाही. मालकीणबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं.

पुस्तकं त्यांच्या आईची. आईला छातीचा आजार होता, दिवसभर पडून वाचत असायची. रोज मुलगी शाळेतून आली की खुनी कोण असेल ते दोघी ओळखायच्या. एका दुपारी मुलगी आली तर आई गेलेली होती. घरात अप्पाच होते. झोपेत गेली, म्हणाले. पण उशी पलंगावर नव्हती, कपाटावर होती, आणि तिच्या अभ्र्याच्या मधोमध ओलं होतं. दातांची खूण होती. मुलीनं तेव्हाच विचारलं, अप्पा, तुम्ही केलंत का? अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. उशी चुलीत गेली. त्यानंतर घरात ते बोलायचे, मीठ मागायचे, हसायचे, बाजारात पुकारायचे. त्या एका प्रश्नाला मात्र गप्प.

मालकीणबाई म्हणाल्या, "नाही म्हणाले असते ना, तरी मी गिळलं असतं. खोटं का होईना, काहीतरी माझ्या हातात दिलं असतं."

खरं सांगायचं तर माझा जीव तिळतिळ तुटला. वर आलो तेव्हा अप्पांचा राग घेऊनच आलो.

१९ ऑक्टोबर

आता मी वाचतो ते अप्पांकडे बघत वाचतो. जिथे खुनी पकडला जातो तिथे आवाज नकळत जरा वर जातो. आज संपलेलं पुस्तक ठेवायची वेळ आली तेव्हा मालकीणबाईंनी सांगायची वाट मी पाहिली नाही. दोन्ही हातांनी ठेवलं. जरा जोरातच. अप्पांच्या तोंडातून हवा बाहेर आली. मला वाईट वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

२१ ऑक्टोबर

आज मालकीणबाईंनी स्वतः पुस्तक निवडून दिलं. सगळ्यांत जाड. म्हणाल्या, गोष्ट संपली की मिट, शेवटचं लेखकाचं टिपण वाचू नकोस. मी हो म्हटलं.

एका पिठाच्या गिरणीवाल्यावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे की नाही. तो गप्प. त्या काळी आरोपीनं हो किंवा नाही म्हटल्याशिवाय खटला उभाच राहायचा नाही. मग अशा माणसाला उताणं झोपवायचे, छातीवर फळी ठेवायचे आणि तिच्यावर दगड. बोलेपर्यंत एकेक दगड वाढवायचा.

एवढं वाचून मी थांबलो. समोर फळी, फळीवर मीच रचलेली पुस्तकं. अप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांना केव्हाचं माहीत होतं.

२२ ऑक्टोबर

सोडून जावं असं सकाळी ठरवलं. बॅगही काढली. जायच्या आधी मालकीणबाईंना म्हटलं, असं करणं बरोबर नाही. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, फळीवर एक तरी पुस्तक मी ठेवलेलं तू पाहिलंस का?

पाहिलं नव्हतं. मावशीनंही माझेच हात पाहिलेत.

बॅग पलंगाखाली ठेवली.

२३ ऑक्टोबर

गिरणीवाला बोलला. पाचव्या दगडाला हो म्हणाला आणि रडला. अप्पांचे ओठ हलत होते. खरंच हलत होते. मी कान जवळ नेला, नुसता वारा आला, पण त्या वाऱ्याला शब्दाचा आकार येत होता. मालकीणबाई आल्या की आज होणार, असं वाटलं. आज हे सगळं संपेल, फळी उतरेल, म्हातारा मोकळा होईल, बाईही होईल, आणि मी आक्काकडे जाईन.

पुस्तक मिटणार तोच अप्पांच्या उजव्या हाताचं बोट उठलं. उरलेल्या पानांकडे. टिपण राहिलं होतं. मी नाही म्हणून मान हलवली. बोट खाली येईना. या माणसानं इतक्या दिवसांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि समोर छापलेलं आहे ते न वाचता पुस्तक मिटायचं, हे माझ्या हातून कधी झालेलं नाही. चारच पानं होती.

वाचली. लेखकानं लिहिलं होतं की खऱ्या इतिहासात असे पुष्कळ लोक शेवटपर्यंत बोलले नाहीत. कारण जो न बोलता मेला त्याच्यावर खटला झालाच नाही. त्याला कायद्यानं कोणी गुन्हेगार म्हणू शकत नव्हतं. त्याचं घर जप्त होत नव्हतं, त्याच्या नावाला डाग लागत नव्हता. दगडाखाली जो गप्प मेला, तो जिंकला.

अप्पांचे ओठ हलायचे थांबले. मग मिटले. मग तोंडाचा उजवा कोपरा वर गेला.

संध्याकाळी मालकीणबाईंनी विचारलं. अप्पा त्यांच्याकडे बघून हसत राहिले.

२५ ऑक्टोबर

मालकीणबाई पायथ्याशी उभ्या राहून बघत राहतात. कुठे चुकलं ते त्यांना कळत नाही. मला दोनदा विचारलं, गिरणीवाल्याचं प्रकरण नीट वाचलंस ना. मी म्हटलं, शब्द न् शब्द.

अप्पांचा श्वास दारातून ऐकू येतो. अर्धाच येतो.

२६ ऑक्टोबर

दुपारी मालकीणबाई कामावर, मावशी अंगणात. मी ठरवलं आणि एकेक करून सगळी पुस्तकं फळीवरून उतरवली. जमिनीवर रचली. मग फळी उचलायला गेलो.

उचलेना.

रिकामी फळी. माझ्या एका हाताची. दोन्ही हातांनी धरली, पाय पलंगाला लावून ओढली. कडा रजईत रुतल्या होत्या. मधोमध लाकूड खाली वाकलं होतं, कोणी मांडी घालून बसावं तसं. मी डोळ्यांनी बघत होतो, फळी आणखी थोडी वाकली. कोणीतरी बसल्या जागी सावरून बसलं.

अप्पांना दिसत होतं. फळीच्या वर, तोंडाची उंची असते तिथे, ते बघत होते. हसू गेलं होतं. तरी तोंड मिटलेलंच.

मी पुस्तकं परत वर ठेवली. का ठेवली? रिकामी फळी बघवत नव्हती म्हणून.

२७ ऑक्टोबर

आज वाचायला बसलो. पान उलटायच्या आधीच कपाटाची काच वाजते. पुढे काय, पुढे काय, असं कोणी बोटानं वाजवावं तसं. मी भराभर वाचतो. ऐकणारे अप्पा नव्हतेच. पहिल्या दिवसापासून—

मावशीला म्हटलं, त्या खोलीत कोणी आहे. ती म्हणाली, असणारच, पुस्तकं जिची, घरही तिचंच.

२८ ऑक्टोबर

अप्पा गेले. सकाळी, मी पान उलटत असताना. बरगडीचा आवाज झाला, लाकडाचा नव्हे.

बोलले नाहीत. ना हो, ना नाही.

डॉक्टरांनी वय विचारलं आणि सही केली. फळी तेव्हा भिंतीला टेकवून ठेवली होती. कशी निघाली ते मला विचारू नये. मालकीणबाईंनी एका हातानं उचलली.

२९ ऑक्टोबर

त्या रडल्या नाहीत. गिरणीवाल्याचं पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेवटची पानं उघडी. माझ्या अंगठ्याचा डाग होता, चहाचा. पान तेच.

पलंगाकडे बोट करून मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. म्हणाल्या, इतकी वर्षं मी थांबले, अप्पा बोलायला आले होते, मग कोणीतरी त्यांना गप्प मरायला शिकवलं.

"टिपण वाचलंस? हो की नाही?"

हो म्हटलं तर ही बाई मला सोडणार नाही. नाही म्हटलं तर समोर डाग आहे. मी बोललो नाही. त्यांनी परत विचारलं. मी जमिनीकडे बघत राहिलो.

त्या म्हणाल्या, बरं. फक्त बरं.

३० ऑक्टोबर

आक्काकडे. बसमध्येच सुरू झालं. आधी वाटलं बॅग मांडीवर आहे म्हणून. बॅग खाली ठेवली. तरी छातीवर—

आक्का विचारते, तिथे काय झालं. भाऊजी विचारतात. मी काही सांगत नाही. न सांगितल्यावर दर वेळी थोडं वाढतं. हे मी ताडून पाहिलं. मुद्दाम विचारायला लावलं आणि गप्प राहिलो. वाढतं.

म्हणजे सांगून टाकलं की उतरेल. साधी गोष्ट आहे. हो, वाचलं. पुस्तकंही मीच ठेवली. सांगितलं की पोलीस, आणि आक्काच्या दाराशी गर्दी. भाऊजींची नोकरी शाळेतली.

उद्या सांगतो.

१ नोव्हेंबर

सांगायला गेलो. ओठ हलले. वारा आला नुसता.

आक्का म्हणते, ताप आहे. उठता येत नाही. डॉक्टर छातीला नळी लावून म्हणाले, काही नाही, आराम करू दे.

गादी माझ्या भोवती खचली आहे. आक्काला दिसत कसं नाही.

३ नोव्हेंबर

दुपार. दारात ओळखीचा आवाज. पत्ता नेमणुकीच्या वेळी मीच लिहून दिला होता. सुवाच्य अक्षरात.

आक्का केवढी खूश झाली. म्हणाली, बघ, तुझ्या मालकीणबाई स्वतः आल्या भेटायला. खुर्ची दिली. चहा ठेवला. मालकीणबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला. गार. आक्काला म्हणाल्या, माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं, यात थंडी फार वाजते, पेशंट बोलत नाही, आपणच ओळखून पांघरायचं. नाही म्हणाला नाही म्हणजे हवंय समजायचं.

आक्का रजई घेऊन आली.

मालकीणबाई पायथ्याशी. आक्काच्या मागे. माझ्याकडे बघून नुसते ओठ हलवतात. हो की—

एवढं पांघरुणाखाली लिहितोय. उजवा हात तेवढा मोकळा. वहीतच हो लिहितो, ते तरी चालेल का. बाई वहीकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना तोंडून हवं.

दुसरी रजई. कापसाची. आक्का कडा नीट खोचते आहे. किती मायेनं—

तिसरी शेजारून मागून आणली. आक्का वाकली आहे. डोळ्यांत पाणी. विचारते आहे, अजून एक घालू का रे? नको असेल तर नको म्हण. नुसतं नको म्हण.

मी तोंड उघडलं. मी—